सॅक्सनीचे रोप, म्हैसूरची माती

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत पदाधिकारी बदलले, गणेशोत्सवाची जागा बदलली, नाटकांच्या तालमी कोणाच्या घरी व्हाव्यात यावरून रुसवेफुगवेही झाले. परंतु एक प्रथा मात्र अखंड चालू राहिली आणि ती म्हणजे वृंदावन उद्यानातील सहलीची. रेल्वे, बँका, अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, महाविद्यालये अशा निरनिराळ्या निमित्तांनी म्हैसूरला येऊन स्थिरावलेली आपली कुटुंबे वर्षातून एकदा धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन कृष्णराजसागराच्या पायथ्याशी जमतात. म्हैसूर शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरील ही बाग आपल्या मुलांना स्वतःच्या परसाइतकी परिचयाची आहे. महाराष्ट्रातून पाहुणे आले की प्रथम राजवाडा, मग चामुंडीची टेकडी आणि सायंकाळी वृंदावन, हा क्रम तर आता शास्त्राप्रमाणे ठरून गेला आहे.

अशाच एका सहलीत बालगोपाळांपैकी कोणीतरी विचारले की ही बाग केली कोणी? प्रश्न साधा होता, पण मोठ्या माणसांत त्यावरून चांगलाच वाद रंगला. एकाने ठामपणे विश्वेश्वरय्यांचे नाव घेतले. दुसऱ्याने दिवाण मिर्झा इस्माईल यांचे. तिसऱ्याने हे सारे महाराजांचेच वैभव असल्याचा निर्वाळा दिला आणि एका आजोबांनी तर टिपू सुलतानापर्यंत मजल मारली. टिपूचा अपवाद सोडला तर प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होते. धरण विश्वेश्वरय्यांचे, बागेची कल्पना मिर्झासाहेबांची, राज्य आणि खजिना महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांचा. परंतु ज्या हाताने ही बाग कागदावर आखली आणि मातीत उतरवली, त्याचे नाव त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही तोंडी आले नाही. त्या हाताचा धनी मूळचा जर्मन, शिक्षणाने निम्मा इंग्लिश, आणि आम्हा मराठी माणसांना विशेष वाटावे असे हे की हिंदुस्थानात तो आला तो एका मराठी राजाच्या बोलावण्यावरून. त्यांचे नाव गुस्ताव्ह हेर्मान क्रुंबीगल. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र मांडून आम्ही त्या दिवशीची चूक दुरुस्त करू इच्छितो.

क्रुंबीगल यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेनजवळच्या लोमेन या गावी झाला. एल्ब नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख वालुकाश्माच्या कड्यांसाठी आणि सॅक्सन राजांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. लोमेनपासून फार दूर नसलेल्या पिल्निट्झ येथील राजवाड्याच्या बागेत १८०१ साली लावलेले जपानी कॅमेलियाचे एक झाड आजही उभे आहे. थंडी पडू लागली की त्याच्यावर चाकांवरचे एक काचघर सरकवून आणतात आणि वसंत ऋतू आला की ते पुन्हा बाजूस नेतात. जपानातून लंडनच्या क्यू उद्यानात आणि क्यूहून सॅक्सनीत अशा मार्गाने ते झाड आले अशी आख्यायिका तिकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, परक्या मातीत आणलेल्या एका झाडाला दोनशे वर्षे दर हिवाळ्यात थंडीपासून जपत आलेली माणसे ज्या परिसरात राहतात, त्या परिसरात एखादा मुलगा माळीकामाकडे वळला तर नवल नाही.

बागकामाचे प्राथमिक शिक्षण गावाकडे आणि ड्रेस्डेनमध्ये घेऊन क्रुंबीगल यांनी श्वेरीन आणि हँबुर्ग येथे उमेदवारी केली. त्या काळच्या युरोपात माळीकाम ही एक कसून शिकण्याची विद्या होती. वाफे खणणे, खत मुरवणे, कलमे बांधणे, काचघरातील ऊब राखणे यांत वर्षे घालविल्याशिवाय कोणाच्या हाती आराखड्याची पट्टी देत नसत. ही पायरी चढून झाल्यावर १८८८ साली ते इंग्लंडला गेले. तेथे हाइड पार्कमधील फुलांच्या ताटव्यांची आखणी त्यांनी केली आणि पुढे क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानात ते रुजू झाले.

येथे थोडे थांबून इंग्लिश बाग म्हणजे काय हे पाहिले पाहिजे, कारण क्रुंबीगल यांच्या पुढील कार्याची गुरुकिल्ली तेथे आहे. आपल्याकडे बाग म्हटली की सरळ रेषेतले वाफे, मधोमध कारंजे आणि कडेने मेंदीचे कुंपण असे चित्र डोळ्यांसमोर येते. अठराव्या शतकातील इंग्लंडने याच्या नेमके उलट केले. त्यांच्या जमीनदारांनी फ्रेंच धर्तीच्या रेखीव बागा मोडून काढल्या आणि त्यांच्या जागी वळणावळणाच्या वाटा, चढउताराची हिरवळ, मुद्दाम खोदलेली परंतु नैसर्गिक भासावीत अशी तळी आणि सहज उगवल्यासारखे वृक्षांचे पुंजके निर्माण केले. नदी अडविली, टेकड्या हलविल्या, क्वचित वाटेत येणारी खेडीसुद्धा उठविली. आणि इतके करून पाहणाऱ्याला वाटावे काय, तर येथे मनुष्याचा हात लागलेलाच नाही! विल्टशरमधील स्टोअरहेडची बाग या तऱ्हेचा उत्तम नमुना समजतात. क्यूची भूमीही मूळची राजघराण्याच्या बागांचीच. तिच्या एका भागावर कॅपॅबिलिटी ब्राऊन या नावाने विख्यात झालेल्या लान्सलॉट ब्राऊन या उद्यानकाराचा हात फिरलेला होता. आमच्यापैकी काहींना लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मुलांकडे गेले असता क्यू पाहण्याचा योग आला. १७६२ सालचा तो उंच चिनी मनोरा, १८४८ साली पूर्ण झालेले ताडांचे काचगृह आणि त्यांमधील ऐसपैस हिरवळ पाहताना आम्हाला राहून राहून बंगळूरच्या लालबागेची आठवण होत होती. या आठवणीचे कारण त्या वेळी ठाऊक नव्हते. ते आता ठाऊक झाले आहे.

क्रुंबीगल इंग्लंडमध्ये होते त्या सुमारास बागेच्या प्रश्नावर तेथे मोठे वाग्युद्ध माजले होते. विल्यम रॉबिन्सन हा लेखक व उद्यानतज्ज्ञ ऋतूगणिक उपटून पुन्हा लावल्या जाणाऱ्या गालिचावजा ताटव्यांवर तुटून पडत होता आणि जमिनीला मानवतील ती रोपे मोकळेपणाने वाढू द्यावीत असे सांगत होता. तर रेजिनाल्ड ब्लोमफील्ड हा वास्तुशास्त्रज्ञ १८९२ साली ग्रंथ लिहून रेखीव बागेची बाजू मांडत होता. हाइड पार्कचे ताटवे हे पहिल्याच्या टीकेचे लक्ष्य आणि क्यू हे वनस्पतिशास्त्राचे माहेरघर. तरुण क्रुंबीगल या दोन्ही ठिकाणी काम करून गेले. कोणत्याही एका पंथाचे ते झाले नाहीत. दोन्ही तऱ्हा हाताशी ठेवायच्या आणि जागा मागेल ती वापरायची, हा त्यांचा स्वभाव त्यांच्या पुढील साऱ्या कामांत दिसतो.

क्यूचे आणखी एक कार्य होते, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. जगभरच्या वसाहतींतून रोपे व बियाणी तेथे येत, पारखली जात आणि दुसऱ्या खंडांत धाडली जात. सिंकोना आणि रबर या दोन झाडांच्या प्रवासाने साम्राज्याची तिजोरी कशी भरली हे सर्वश्रुत आहे. रोपांबरोबर माळीही धाडले जात. साम्राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून बागेसाठी माणसाची मागणी आली की ती क्यूकडे यायची. बंगळूरच्या लालबागेत १८७४ पासून काम करीत असलेले जॉन कॅमेरॉन हे क्यूचेच. आणि १८९३ साली अशाच मार्गाने क्रुंबीगल बडोद्यास आले.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड त्या वेळी तिशीत होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक येऊन ते १८७५ साली गादीवर बसले आणि १८८१ साली त्यांच्या हाती राज्याची सूत्रे आली. १८८७ पासून त्यांनी युरोपच्या वाऱ्या केल्या. त्या वाऱ्यांत ते निव्वळ पाहुणा म्हणून हिंडले नाहीत. ग्रंथालय पाहिले की बडोद्यात ग्रंथालय हवे, संग्रहालय पाहिले की संग्रहालय हवे, असा त्यांचा खाक्या होता. बागांच्या बाबतीतही तेच. विश्वामित्री नदीच्या काठची, बडोदेकरांच्या तोंडी कमाटी बाग म्हणून रुळलेली सयाजी बाग त्यांनी १८७९ सालीच प्रजेसाठी उभी केली होती. १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. त्याच्या भोवतीच्या उद्यानाची आखणी विल्यम गोल्ड्रिंग या क्यूच्याच उद्यानतज्ज्ञाकडे होती. १८९२ साली आजव्याचा तलाव पुरा होऊन शहराला मुबलक पाणी मिळू लागले. राजाची हौस, मोकळी जमीन आणि खात्रीचे पाणी अशी तिहेरी जुळणी झालेल्या राज्यात क्रुंबीगल यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी बागांचा कारभार हाती घेतला.

बडोद्यात त्यांची जवळजवळ पंधरा वर्षे गेली. हाच काळ त्यांच्या खऱ्या घडणीचा, असे आमचे मत आहे. इंग्लंडमध्ये हिरवळ आपोआप वाढते आणि ती आवरण्यासाठी माळी लागतो. गुजरातेत चैत्र-वैशाखाच्या उन्हात तीच हिरवळ जगविण्यासाठी माळी लागतो. इंग्लिश झाड हिवाळ्यात झोपते, आपले झाड उन्हाळ्यात पाने टाकते आणि नेमके तेव्हाच फुलते. पुस्तकी उद्यानविद्या येथे उलटी करून घ्यावी लागते. त्यातच विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, छप्पनिया दुष्काळ कोसळला. गुजरातेत माणसे व गुरे मोठ्या संख्येने मेली. ज्या राज्यात गुरांना चारा मिळत नाही तेथे राजाच्या माळ्याने शोभेच्या फुलांना पाणी घालावे काय, हा प्रश्न त्या वर्षी कोणाही विचारी माणसाला टोचल्याशिवाय राहिला नसेल. पुढे म्हैसुरात क्रुंबीगल यांनी शोभेच्या झाडांइतकेच लक्ष फळझाडे, चाऱ्याची गवते व उपयुक्त वनस्पती यांच्याकडे दिले. आफ्रिकेतले ऱ्होड्स गवत त्यांनी म्हैसूर राज्यात आणले, ते जनावरांच्या चाऱ्यासाठी. या दोन गोष्टींत आम्हाला एक नाते दिसते.

म्हैसूरशी त्यांचा संबंध कसा आला, त्याची हकीकत अशी सांगतात. निलगिरीवर उटकमंड येथे बडोदेकर आणि म्हैसूरकर या दोन्ही घराण्यांचे उन्हाळी वाडे होते. बडोदेकरांच्या वाड्याची बाग क्रुंबीगल यांच्या हातची. ती म्हैसूरच्या तरुण महाराजांच्या नजरेत भरली आणि त्यांनी या माळ्याला आपल्या राज्यात मागून घेतले. १९०८ साली जॉन कॅमेरॉन निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी क्रुंबीगल लालबागेचे व राज्यातील सरकारी बागांचे प्रमुख म्हणून रुजू झाले.

या ठिकाणी एक योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. क्रुंबीगल म्हैसूरच्या सेवेत आले तेव्हा राज्याचे दिवाण व्ही. पी. माधवराव होते, हे तंजावर प्रांतातील मराठी देशस्थ घराण्यातले. त्यांच्या मागून १९०९ साली दिवाण झाले ते टी. आनंदराव, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. आणि सर टी. माधवराव म्हणजे सयाजीराव अल्पवयीन असता बडोद्याचा कारभार सांभाळणारे तेच ते तंजावरचे मराठी मुत्सद्दी. पुढे १९१४ साली व्ही. पी. माधवराव उलट दिशेने, म्हैसूरकडून बडोद्याकडे, दिवाण म्हणून गेले. बडोदे आणि म्हैसूर यांच्यामध्ये माणसांची अशी ये-जा त्या काळी चालू होती, आणि त्या वाटेवर मराठी बोलणारे अनेक जण भेटत. क्रुंबीगल यांना म्हैसूर अगदीच परके वाटले नसावे. अर्थात यावरून वृंदावन उद्यान मराठी माणसांनी केले असा निष्कर्ष कोणी काढू नये. आमच्यातील काही उत्साही मंडळींची तशी प्रवृत्ती आहे, म्हणून हा इशारा.

लालबाग हैदरअलीने १७६० साली सुरू केलेली. कॅमेरॉन यांच्या काळात तिला काचगृह लाभले आणि क्यूच्या धर्तीवर तिची शास्त्रीय घडी बसली. क्रुंबीगल यांनी ही घडी शहरभर उलगडली. बागेच्या कुंपणाबाहेर त्यांनी रस्त्यांकडे लक्ष वळविले. एक झाड फुलून जाण्याच्या बेतात असताना दुसरे फुलू लागावे, म्हणजे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शहरात काही ना काही बहरलेले असावे, असा हिशेब मांडून वृक्षांची निवड करण्याची पद्धत त्यांच्या नावावर आहे. बंगळूरच्या रस्त्यांवर ताबेबुयाचा गुलाबी बहर ओसरतो न ओसरतो तोच नीलमोहराची निळाई पसरते आणि तिच्या मागोमाग गुलमोहर पेटतो. यांतले एकही झाड मूळचे येथले नाही. पहिली दोन दक्षिण अमेरिकेची, तिसरे मादागास्करचे. कानडी कवींनी व मराठी प्रियकरांनी गुलमोहराला इतके आपलेसे केले आहे की हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही.

१९१२ साली म्हैसूर उद्यानविद्या संस्था स्थापन झाली, तीमागेही क्रुंबीगल होते. लालबागेतील पुष्पप्रदर्शनांशी या संस्थेचे नाव आजतागायत जोडलेले आहे. रोपवाटिका वाढविणे, परदेशी उद्यानांशी बियाण्यांची देवघेव करणे, माळ्यांना शिक्षण देणे ही कामे त्यांनी चालविली. त्यांचा दृष्टिकोन एकट्या झाडापुरता नव्हता. इमारत, रस्ता, झाड व पाणी यांचा एकत्र विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह असे. त्यामुळे नगररचना व इमारतींच्या बाबतीतही राज्य त्यांचा सल्ला घेऊ लागले. आपल्या म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ साली उन्हाळी राजवाड्याच्या दहा एकर आवारात सुरू झाले आणि १९०९ साली त्याला चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय हे नाव मिळाले. त्याच्या पुढील आखणीतही त्यांचा भाग आहे. तेथील मोठ्या वृक्षांच्या सावलीतून मुलांना हत्ती दाखवीत फिरताना आपण सावलीकडे सहसा पाहत नाही.

आता वृंदावनाकडे वळू. म्हैसूरच्या वायव्येस कावेरीवर १९११ साली धरणाचे काम सुरू झाले. मुख्य अभियंता विश्वेश्वरय्या. त्यांचे शिक्षण पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले आणि खडकवासल्याला त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे पुणेकरांच्या अभिमानाचा विषय. सुरकीच्या चुन्यात बांधलेले सुमारे आठ हजार सहाशे फूट लांबीचे हे धरण पुरे होण्यास वीस वर्षे लागली. धरण म्हटले की त्याच्या पायथ्याशी दगडांच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्यांचे अवशेष आणि मजुरांच्या वसाहतींचा उकिरडा उरतो. हिंदुस्थानातील कितीतरी धरणांखाली तो आजही दिसेल. १९२६ साली दिवाण झालेल्या मिर्झा इस्माईल यांच्या नजरेसमोर मात्र काश्मीरमधील जहांगीर बादशहाची शालिमार बाग होती. टप्प्याटप्प्याने खाली उतरणारे पाणी आणि त्याच्या दोहों बाजूंस फुलांचे गालिचे, असे काही आपल्या धरणाखाली व्हावे, असे त्यांच्या मनात आले. १९२७ साली काम सुरू झाले. आखणी क्रुंबीगल यांच्याकडे आली.

त्या वेळी ते बासष्ट वर्षांचे होते. त्यांच्या पिशवीत इंग्लंडची वळणदार वाट होती, बडोद्याचे ऊन होते, लालबागेचा वीस वर्षांचा अनुभव होता. एखाद्या गर्विष्ठ माणसाने येथे आपली इंग्लिश विद्या पाजळली असती. कावेरीच्या काठी दुसरे स्टोअरहेड उभे करणे अशक्य नव्हते. परंतु क्रुंबीगल यांनी जागेकडे पाहिले. वर अथांग जलाशय, खाली उतरती जमीन आणि मागे एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी धरणाची सरळसोट भिंत. अशा भिंतीखाली निसर्ग निर्मनुष्य असल्याचे सोंग आणून उपयोग नाही. ती भिंत रेषेची भाषा बोलते, तेव्हा बागेनेही तीच बोलावी. म्हणून तीन पायऱ्यांमध्ये उतरणारी, मधोमध पाण्याचा पाट वाहवणारी, कारंज्यांच्या रांगांनी नटलेली मोगली घाटाची रेखीव बाग त्यांनी आखली. मोगलांना उतार आणि झरा शोधावा लागे. येथे विश्वेश्वरय्यांनी उतार व पाणी दोन्ही आयते दिले होते. शिवसमुद्रमच्या धबधब्यावरील विजेमुळे, जे जहांगिराच्या स्वप्नातही आले नसते ते रंगीत दिव्यांचे पाणी येथे नाचू लागले. १९३२ साली सुमारे साठ एकरांची ही बाग तयार झाली. त्याच वर्षी क्रुंबीगल सेवानिवृत्त झाले.

इंग्लंडात बाग शिकलेल्या जर्मनाने, मुसलमान दिवाणाच्या इच्छेवरून, हिंदू राजासाठी, काश्मिरी नमुन्यावर, कावेरीच्या पाण्यावर ही बाग केली. रंगीत कारंज्यांचा थाट काही रसिकांना भडक वाटतो, आणि दिव्यांच्या वेळी गर्दीत चेंगरून निघालेल्या माणसाला ते पटतेही. आमची सूचना अशी की बाग सकाळी पाहावी. कारंजी बंद असताना, माळी पाइप ओढीत असताना, वरच्या पायरीवर उभे राहिले की आखणीचा कणा स्वच्छ दिसतो आणि कळते की दिवे नसते तरी ही बाग उभी राहिली असती.

निवृत्तीनंतर ते बंगळूरलाच राहिले आणि राज्याला सल्ला देत राहिले. लालबागेत त्यांच्या जागी क्यूला शिकून आलेले एच. सी. जवरय्या आले; हिंदी माणूस त्या खुर्चीवर आला तो हा पहिला. जवरय्यांच्या मागून एम. एच. मरीगौडा आले आणि त्यांनी क्रुंबीगल यांच्या कामाला राज्यव्यापी फलोद्यान खात्याचे रूप दिले. आपल्या जागी स्थानिक माणूस तयार व्हावा आणि त्याच्या हाती काम सोपवून बाजूस व्हावे, हे त्या काळच्या किती गोऱ्या अधिकाऱ्यांना जमले, याचा वाचकांनीच विचार करावा.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा मात्र त्यांचा जन्म आडवा आला. हिंदुस्थानातील इतर जर्मनांप्रमाणे या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील वृद्धालाही स्थानबद्धता भोगावी लागली. ज्या इंग्लंडच्या राजकीय उद्यानात त्यांनी उमेदवारी केली, त्याच इंग्लंडच्या सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हिंदुस्थानात तोवर त्यांची पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली होती. सॅक्सनीत त्यांनी घालविलेल्या वर्षांच्या दुपटीहूनही ती जास्त होती. त्यांनी लावलेले वृक्ष त्या रस्त्यांवर सावली देत उभे होते, आणि त्यांतल्या कोणत्याही वृक्षाला कोणी राष्ट्रीयत्वाचा दाखला मागितला नव्हता. दूरच्या प्रांतात आयुष्य काढणाऱ्या आम्हा मंडळींना, जी आपल्या गावी गेली की म्हैसूरवाली आणि येथे असली की मराठीवाली म्हणून ओळखली जातात, या प्रसंगाची बोच थोडी अधिक जाणवते. तुलना अर्थातच तोकडी आहे. आम्हाला कोणी कुंपणात घातलेले नाही.

युद्ध संपले, तेव्हा ड्रेस्डेन बेचिराख झाले होते आणि सॅक्सनी रशियन फौजांच्या ताब्यात होती. क्रुंबीगल बंगळूरलाच राहिले. त्यांनी स्वातंत्र्य पाहिले, संस्थाने विलीन होताना पाहिली, महाराजांचे राजप्रमुख झालेले पाहिले. ८ फेब्रुवारी १९५६ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात, त्यांचे बंगळूर येथे देहावसान झाले. होसूर रस्त्यावरील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे. ती बरीच वर्षे दुर्लक्षित होती. अलीकडच्या काळात त्यांचे वंशज व बंगळूरचे काही उद्यानप्रेमी यांच्या खटपटीने तिची डागडुजी झाली. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. लालबागेतील त्यांच्या नावाचे जुने सभागृह मात्र जीर्ण होत होत २०१७ साली त्याचा भाग कोसळला. झाडांच्या मानाने इमारती अल्पायुषी, हे त्यांना ठाऊक असणारच.

मंडळाच्या कार्यकारिणीने यंदापासून असे ठरविले आहे की वृंदावनाच्या सहलीत जेवणापूर्वी मुलांना वरच्या पायरीवर नेऊन ही हकीकत सांगावयाची. टिपूचा पक्ष घेणाऱ्या आजोबांनीच ते काम मागून घेतले आहे.

एक गंमत राहिली. ज्या आजव्याच्या पाण्यावर क्रुंबीगल यांच्या बडोद्याच्या बागा पोसल्या, त्या तलावाजवळ निमेटा येथे पुढे एक कारंज्यांची बाग झाली आणि ती म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेली आहे. बडोद्याहून आलेल्या आप्तांना आम्ही मोठ्या ऐटीत वृंदावन दाखवायला नेतो, तेव्हा ते घटकाभर इकडेतिकडे पाहतात आणि म्हणतात की छान आहे, अगदी आमच्या आजव्यासारखे.